राळेवर न उमटलेले पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पण माझ्यात कधी कुणी काही जपून ठेवले नाही. ना दागिने, ना पत्रे. माझ्यात माणसे उभी राहत. मी राळेची पेटी.

राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तिचे पिवळे खडे माझ्यात टाकत, नाचणाऱ्या मुली ते टाचेने चुरत, आणि ती भुकटी तळव्याला लागली की गुळगुळीत रंगमंचावर पाय घसरत नसे. एवढेच माझे काम. तुम्ही म्हणाल, हे काय काम झाले? पण वीस मुली एका तालावर उड्या मारतात आणि एकीचाही पाय सटकत नाही, तेव्हा टाळ्या पायांना पडतात. पायांखाली काय लागले आहे ते कोण विचारतो?

मला एका म्हाताऱ्या सुताराने मोडक्या दाराच्या फळ्यांतून घडवले. बूड जाड, कडा चार बोटे उंच. कडांवर त्याने दोन दिवस पॉलिशचा कागद घासला. त्याची बायको म्हणाली, "अहो, पायपुसण्याचा डबा तो! एवढं काय कुरवाळताय?" तो म्हणाला, "अनवाणी मुली येतील गं. कुसळ गेलं तर शिव्या मला बसतील."

तेव्हापासून मी नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत, पडद्याच्या आडोशाला बसले. नृत्यपथक सरकारचे होते आणि त्याचे मास्तर फार कडक. रोज तालमीआधी ते स्वतः गुडघ्यावर बसून एका फळीने माझी राळ सपाट करत. का बरे? तर कुणी माझ्यात पाय दिला आणि कुणी आळस केला, ते ठशांवरून कळावे म्हणून. "पेटीला पाय दिल्याशिवाय मंचावर जायचं नाही," हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा रोज वेगळा असे. "गिरकी घेतेस की दळण दळतेस?" "हात आहेत की वाळत घातलेले टॉवेल?" मुली तोंड दाबून हसत आणि पुन्हा सुरुवात करत.

तोंडांवरून मला फारसे कळत नसे म्हणा, पण पाय कळत. घाबरलेला पाय गार असतो. रागावलेला पाय खडे उगाच जोरात चुरतो. आणि प्रेमात पडलेला पाय? तो लवकर निघतच नाही.

अशा दोन पायांच्या जोड्या होत्या. एक भिंगरीची. ती अंगाने ठेंगणी, पण गिरक्या घ्यायला लागली की डोळ्यांत मावत नसे. म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. दुसरी टाचणी. बारीक, ताठ, आणि बोलणेही टोचेल असे. दोघी एकाच वर्षी पथकात आल्या. पहिल्यांदा एकमेकींचा हात धरून माझ्यात उभ्या राहिल्या त्या तोल सांभाळायला. पुढे तोल सांभाळून झाला तरी हात तसाच राहू लागला.

"टाचणे, सरक की जरा. पेटी काय तुझ्या वडिलांची आहे?"

"तू येईपर्यंत खडे चुरून ठेवलेत, त्याचं काही नाही. ये, टेक टाच."

एवढेच त्यांचे बोलणे. पण मित्रांनो, बोलण्याच्या खाली जे वाहते ते पायांना आधी कळते. चार वर्षे मी ते पाहिले. एकीला ताप आला की दुसरीचा पाय जड होई. कुठलेही देवालय मला त्याहून पवित्र वाटले नसते.

त्या देशात मात्र हे पाप होते. पाप तर होतेच, गुन्हाही होता. बाईने बाईवर असा जीव लावायचा नाही, असा कायदा होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला सदाचार खाते होते. एका सकाळी मागच्या रांगेतल्या दोघींना त्या खात्याच्या माणसांनी तालमीतून नेले. दुपारी फळ्यावरची त्यांची नावे खरवडून काढली. दोघींना दोन टोकांच्या दोन सुधारगृहांत पाठवले, एवढेच कळले. त्यापुढे कुणी विचारले नाही. विचारणारी तिसरी ठरली असती.

त्यानंतर कपडे बदलण्याच्या खोल्यांची दारे बिजागऱ्यांसकट काढून नेली. एका आरशासमोर दोघींनी उभे राहायचे नाही. राळेच्या पेटीत एका वेळी एकच. खात्याचा एक अधिकारी रोज येऊन बसू लागला. तो रंगमंचावरही बूट काढत नसे, म्हणून मुलींनी त्याला 'बूटवाले साहेब' नाव ठेवले. त्याच्या हाताखाली देखरेखबाई नेमली. ती पूर्वी इथेच नाचत असे. गुडघा गेला, नाच सुटला, आणि खात्याने तिला हे काम दिले. बूटवाल्याला नाचातले ओ की ठो कळत नव्हते. देखरेखबाईला सगळे कळत होते. भीती तिची होती.

टाचणी आणि भिंगरी सावध झाल्या. बोलणे बंद, बघणे बंद. टाचणी माझ्यात पाय देऊन निघून जाई. मग भिंगरी येई आणि आपले तळवे बरोबर टाचणीच्या ठशांत ठेवी. तेवढीच भेट. कुणाच्या लक्षात येणार?

पण एका गोष्टीत त्या फसल्या, आणि ही चूक फक्त नाचणाऱ्या माणसाच्याच हातून होते. नीट ऐका हं.

गिरकी घेताना घेरी येऊ नये म्हणून नाचणारी समोर एक खूण धरते. अंग फिरते, पण डोळे शेवटपर्यंत खुणेवर राहतात. मग मान झर्रकन फिरते आणि डोळे पुन्हा त्याच खुणेवर. खूण सुटली की तोल सुटला. पूर्वी जी ती आपली खूण निवडत असे. कुणी दिवा धरी, कुणी खांब. मग हुकूम आला. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर, शेवटच्या रांगेच्या जरा वर, थोरल्यांची तसबीर लावली गेली. थोरले म्हणजे देशाचे मालकच म्हणा ना. यापुढे सगळ्यांनी खूण म्हणून तीच धरायची.

भिंगरीने मान डोलावली. पण चार वर्षे तिची खूण एकच होती. डाव्या विंगेत, माझ्या शेजारी उभी असलेली टाचणी. सोळा गिरक्या, आणि सोळा वेळा ती नजर माझ्या अंगावरून जाऊन टाचणीच्या डोळ्यांत थांबे. तसबिरीकडे बघून ती चौथ्या गिरकीला पडायची. म्हणून ती हळूच पुन्हा विंगेकडे बघू लागली. बूटवाल्याला वाटे, पोरगी छान फिरते. देखरेखबाईने मात्र दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी टाचणीला सांगितले, "आजपासून तू उजव्या विंगेत उभं राहायचं."

त्या दिवशी भिंगरीची नजर उजवीकडे गेली. सोळाही वेळा.

तालीम संपल्यावर देखरेखबाई आणि बूटवाले साहेब माझ्यापाशीच उभे राहून बोलले. पेटीसमोर बोलायला कोण संकोचतो?

"नजर?" तो म्हणाला. "बाई, नजरेवर मी कुणाला आत टाकू? पोरी इकडेतिकडे बघणारच."

"साहेब, नाचणाऱ्या बाईला पोटातलं लपवता येतं. खूण नाही लपवता येत."

"मला पुरावा लागतो."

"शनिवारी दुपारचा खेळ आहे. थोरले स्वतः येणार. फोटोवाला बसवा समोर. तिला दर गिरकीला टिपू दे. थोरले समोर असताना तिचे डोळे विंगेतल्या बाईकडे, यापेक्षा काय पुरावा पाहिजे?"

साहेब हसला. "शनिवार. आणि पडली तर?"

"पडली तर थोरल्यांसमोर खेळ नासवला म्हणून जाईल. जाईल हे नक्की."

मित्रांनो, देवाने मला तोंड दिले नाही. त्या वेळी मी त्याच्याशी फार भांडले. तीन दिवस उरले होते, दोन जीवांचा प्रश्न होता, आणि मी आपली तळ दाबून बसलेली!

पण पडद्यामागे शिवणकाकू झालर टाचत होत्या. पथकाचे कपडे शिवणाऱ्या या बाई, साठीच्या, कानाने तिखट. दुसऱ्या दिवशी भिंगरी पाय द्यायला आली तेव्हा त्या सुई घेऊन तिच्या पायाशी बसल्या. पलीकडे टाचणी आपल्या पोलक्याचे बंद बांधत होती.

"हलू नकोस गं, घेर उसवलाय," काकू मोठ्याने म्हणाल्या. आणि मग ओठ न हलवता सगळे सांगून टाकले. विंग, फोटोवाला, शनिवार.

भिंगरीचे पाय माझ्यात बर्फ झाले.

"मला नाही जमत काकू. तसबिरीतल्या त्या मिशांकडे बघितलं की नेलेल्या दोघी आठवतात. चौथ्यालाच पाय जातो."

"मग मिशांखाली बघ," टाचणी बंद बांधता बांधता म्हणाली.

"तुला थट्टा सुचतेय?"

"मी थट्टा करत नाही. शनिवारी तू तसबिरीकडे तोंड कर. फक्त एवढं. बाकी मी बघते."

"काय बघणार आहेस तू?"

"विचारू नकोस. कळलं तर तुझ्या तोंडावर दिसेल. तुझं तोंड म्हणजे नोटिसांचा फळा."

काकूंनी दाताने दोरा तोडला. "पोरींनो, पांगा आता. बूट वाजतोय."

शनिवार उजाडला. सकाळी शेवटची रंगीत तालीम होती. मास्तरांनी माझी राळ अगदी आरशासारखी सपाट केली. पहिला प्रवेश टाचणीचा, एकटीचा. चार वर्षे घासूनपुसून तिने तो बसवला होता. त्यात एक लांब उडी होती. ती बघायला दिवे लावणारेसुद्धा काम थांबवत.

टाचणी डाव्या विंगेत आली. मी वाट पाहत होते. तिचा उजवा पाय माझ्या कडेवर आला, क्षणभर तसाच राहिला. मला तिच्या टाचेतली धडधड ऐकू आली. आणि मग, मित्रांनो, तिने पाय मागे घेतला, मला वळसा घातला आणि मंचावर निघून गेली. पेटीला पाय न देता!

मी मनात ओरडले. पण वाद्ये सुरू झाली होती. पाच पावले, सहा, सात, उडी... आणि एक असा आवाज, जो मी कधी विसरणार नाही. घोट्याचा.

सगळे धावले. बूटवाल्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "पडली कशी? कालपर्यंत कधी पडली नाही! मुद्दाम पडली असेल तर हा द्रोह आहे. मास्तर, पेटीला पाय दिला होता का हिने?"

मास्तर म्हणाले, "देतेच ती. न देता कशी जाईल?"

"बाई, बघा जाऊन. पाय दिला असेल तर ठसा असेल."

देखरेखबाई विंगेत आली. एकटीच. वाकून तिने माझ्यात पाहिले. राळ सपाट होती. एकही ठसा नव्हता. माझे कोरेपणच उघडे पडले होते, मित्रांनो! आयुष्यभर मी कुणाची चहाडी केली नाही, आणि आज माझे नुसते असणेच साक्ष ठरत होते.

ती बघत राहिली. तिला सगळे कळले. पाय न देता गेलेली टाचणी, त्यामागचे कारण, आणि आता नाचातून बाद झालेल्या बाईला कुठे उभे करतात तेही. पथकाचा नियम होता की ज्या खेळात नाहीत, त्यांनी शेवटच्या रांगेत उभे राहून टाळ्यांना सुरुवात करून द्यायची. शेवटची रांग. बरोबर तसबिरीखाली.

"काय दिसतंय बाई?" मंचावरून साहेब ओरडला. त्याचे बूट विंगेकडे निघाले. टक, टक.

देखरेखबाईने एका हाताने पडदा धरला. दुसऱ्या हाताने आपला बूट ओढला. निघेना. टक, टक, टक. गुडघा वाकेना, तिच्या कपाळावर घाम आला. बूट निघाला, मोजा निघाला, आणि अकरा वर्षांनी तो पाय माझ्यात आला. आधी पुरा तळवा, मग नुसते चवडे, उडीला निघताना देतात तसे. मी तो पाय ओळखला. अकरा वर्षांपूर्वी ती या विंगेत उभी राहून कुणाची वाट पाहत असे, ते मला ठाऊक होते. तेव्हा मी सांगितले नाही. आताही सांगणार नाही.

साहेब आला तेव्हा तिचा पाय बुटात होता आणि बंद सुटलेला होता.

"पाय दिलाय," ती म्हणाली. "हे बघा. पण राळ सर्दावलीय. पेटी जुनी झाली, बुडातून ओल धरते. दोष पेटीचा आहे."

साहेबाने ठसा पाहिला. कुणाचा ते त्याला काय कळणार! त्याने मला एक लाथ घातली. माझी एक कड तडकली.

"फेकून द्या हिला. नवी आणा. आणि ती पोरगी?"

"घोटा गेलाय साहेब," मास्तर म्हणाले.

"पाय गेला ना? हात आहेत की! टाळ्यांना हात लागतात. उभी करा मागच्या रांगेत."

माझ्यावर आळ आला, मित्रांनो. पण त्या आळासारखा मान मला कुणी दिला नाही.

मला उचलून मागच्या कोठारात टाकले. तिथून मला मंच दिसत नव्हता. पण लाकडाचा आवाज लाकडाला पोचतो. दुपारी खेळ सुरू झाला. जड पावले आली, म्हणजे थोरले आले. सगळे उभे राहिले, बसले. मग वाद्ये, आणि मग भिंगरीचे पाय. मी लगेच ओळखले. गार होते.

पहिली गिरकी. फोटोवाल्याचा खटका. दुसरी. खटका. तिसरी.

चौथी आली तेव्हा मी देवाला म्हटले, माझ्या फळ्या जाळ, पण हिला सांभाळ. चौथीला तिची टाच जराशी घसटली. माझा जीव फळ्यांतून निघून गेला. आणि मग पाऊल टेकले, घट्ट, ऊबदार. तिला खूण सापडली होती! पाच, सहा, सात. नऊ. बारा. प्रत्येक वेळी खटका. सोळा!

वाद्ये थांबली. मग फार लांबून, अगदी मागून, एकच माणूस टाळ्या वाजवू लागला. मग सगळे नाट्यगृह.

संध्याकाळी शिवणकाकू कोठारात कपडे ठेवायला आल्या आणि पेटाऱ्यावर बसून पोट धरून हसल्या. एकट्याच होत्या. काकूंना वस्तूंशी बोलायची सवय होती. "अगं पेटे, ऐकलंस का? साहेब मास्तरांना सांगत होता, काय निष्ठा पोरीची! थोरल्यांच्या तसबिरीवरून नजर हलेना, डोळ्यांत पाणी! फोटो म्हणे उद्या पेपरात छापणार. आणि ती बाई शेजारी उभी, ओठ मिटून. आता काय बोलते? थोरल्यांकडे बघितलं म्हणून हिला धरा, असं म्हणायची सोयच नाही!" मग त्यांचे हसू थांबले. त्यांनी पदराने डोळे पुसले. "घोटा मात्र गेला गं पोरीचा. एका पायावर उभी होती दोन तास, भिंतीला धरून. हूं की चूं नाही."

टाचणी पुन्हा नाचली नाही. काकूंनी मास्तरांकडे शब्द टाकला आणि तिला कपडेपटात हाताखाली घेतले. तिथे पहिल्या दिवशी भिंगरी तिच्यावर तुटून पडली. मी कोठाराच्या उघड्या दारातून ऐकले.

"तुला कुणी सांगितलं होतं पाय द्यायला? मी मागितला होता?"

"नाही मागितलास."

"ती उडी कुणाला जमत नव्हती, टाचणे. कुणालाच! मला असं वाचवायला नको होतंस."

"हे बघ," टाचणी म्हणाली, "नाचून नाचून मी किती नाचले असते? आणखी पाच वर्षं. मग गुडघे, मग कंबर. तुला बघायचं होतं मला त्याहून जास्त वर्षं. हिशेब सोपा होता."

"रडवू नकोस."

"मग ती ओढणी दे इकडे. भोक पाडलंस तिला बोलता बोलता."

सात वर्षे असे चालले. भिंगरी मंचावर, टाचणी तसबिरीखाली टाळ्या वाजवायला. थोरल्यांनी आणि त्यांच्या खात्याने भिंगरीला निष्ठेचे तीन बिल्ले दिले! देखरेखबाई पुढच्याच वर्षी दुसरीकडे बदली मागून गेली. जाताना ती कोठारात आली, माझ्या तडकलेल्या कडेवरून तिने हात फिरवला, आणि गेली.

मग भिंगरीचेही पाय थकले. एक दिवस दोघी निघून गेल्या, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रस्त्यांनी. त्या कुठे गेल्या ते काकूंना माहीत होते, आणि काकूंनी काम सोडून जाताना ते मला सांगितले.

आता तुम्ही विचाराल, कुठल्या गावाला? मित्रांनो, तो कायदा अजून आहे. बूट अजून वाजतात. म्हणून गाव मी सांगणार नाही. रस्ता नाही, नदीकाठ की डोंगर, तेही नाही. एवढेच सांगते की त्या घराला एकच किल्ली आहे आणि ती दोघींची आहे.

मला कोठारातून काढा, माझी तडकलेली कड सांधा, असे मागणे मी मागत नाही. माझे आयुष्य वाया गेले नाही. मागणे दुसरेच आहे. कधीतरी तुमच्यापाशीही कुणीतरी येऊन उभे राहील. तुम्हाला त्याचे काहीतरी कळेल, जे कळल्याने त्याचा घात होऊ शकतो. तेव्हा साहेब विचारेल, काय दिसतंय? देवाने तुम्हाला तोंड दिले आहे, मला दिले नाही. पण न बोलण्याची बुद्धी त्याने आपल्या दोघांनाही सारखीच दिली आहे. तेवढी सांभाळा.